आमची वाटचाल : चौथ्या तासाचा उजेड

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बॅटरीच्या खोक्यावर उजेडाचे दोन आकडे असतात. एक बनवणाऱ्याने छापलेला, दुसरा आम्ही मोजून हाताने लिहिलेला. आमचा आकडा जवळजवळ नेहमीच लहान असतो. विकणाऱ्यानेच आपल्या मालावर लहान आकडा चिकटवायचा, हे सुरुवातीला आमच्या घरातसुद्धा कोणाला पटलं नव्हतं. तो आकडा लिहायची वेळ का आली, तीच आमची वाटचाल.

बॅटरी म्हणजे टॉर्च. आत घालतात ते सेल. लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द आहेत, इथेही तसेच वापरते.

बाबा रेडिओ, पंखे आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचे. शाळेतून आले की मी त्यांच्या टेबलाशी बसायची. पत्र्याच्या लांब नळीची, तीन मोठ्या सेलची बॅटरी आली की आजार ठरलेले: बल्ब उडालेला, पत्ती गंजलेली, नाहीतर सेल फुटून आत सगळं खारवलेलं. साध्या सेलमध्ये जस्ताचं बाहेरचं भांडं हाच सेलचा एक ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसं ते भांडं आतून झिजतं आणि शेवटी भोक पडतं. अल्कलाइन सेलचा पांढरा खार वेगळा. तो कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून निघतो. बाबा प्रत्येकाला सांगायचे, बॅटरी महिनाभर ठेवून देणार असाल तर सेल काढून ठेवा. माझ्या मते आजही याहून उपयोगी सल्ला नाही.

हातातल्या विजेच्या बॅटरीचं डेव्हिड मिसेल यांचं पेटंट १८९९ सालचं. तिथून जवळपास शंभर वर्षं आतलं तत्त्व तेच राहिलं: तापून लाल-पिवळी होणारी तार. मग १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी लख्ख निळा एलईडी करून दाखवला, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन काही वर्षांत पांढरा एलईडी बाजारात आला. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाबांच्या टेबलावर याचा परिणाम असा झाला, की बल्ब उडणंच थांबलं. पण नव्या स्वस्त बॅटऱ्या उघडता येईनात. प्लास्टिक चिकटवून बंद केलेलं, आत सुटा भाग एकही नाही. बिघडली की टाकायची. दुरुस्तीला माणसं येत राहिली आणि बाबा हात जोडून परत पाठवत राहिले. तेव्हा मी आणि धाकट्या भावाने ठरवलं, की उघडता येईल अशीच बॅटरी निवडून विकायची.

ठरवलं एक आणि पहिला माल घेतला तो नेमका उलटा. तो निर्णय माझा होता. स्वस्त, जाड, मागच्या बाजूने दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालायची अशी ती चार्जिंगची बॅटरी. खपली भराभर. आठ महिन्यांत निम्म्याहून अधिक परत आल्या. आत शिसे-आम्लाचा छोटा सेल होता. हा सेल रिकामा ठेवला की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग तो चार्ज धरत नाही. घरातली बॅटरी नेहमी तशीच वापरली जाते: वीज गेली की संपेपर्यंत, आणि वीज आली की विसरून कोपऱ्यात. त्या वापराला तो सेल योग्यच नव्हता.

पण माल परत घेतला तो त्यामुळे नाही. एक मावशी आल्या. चार्जिंगला लावलेली बॅटरी चालू करायला गेल्या आणि त्यांना झटका बसला. त्या सुखरूप होत्या, पण त्यांचा हात थरथरत होता आणि त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अगं, नातवाने धरली असती तर?" भावाने त्या रात्री एक नग फोडला. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. एक कपॅसिटर, दोन-चार डायोड, बस्स. म्हणजे चार्जिंग चालू असताना आतल्या सगळ्या सर्किटचा भिंतीच्या विजेशी थेट संबंध, आणि बटणाची धातूची पट्टी बाहेर उघडी. पुरवठादाराने हात वर केले. आम्ही विकलेल्या सगळ्या शोधून पैसे परत दिले, त्यात वर्षभराची बचत गेली. भिंतीत थेट खोचायची बॅटरी तेव्हापासून आमच्या दारात येत नाही. तुम्हीही घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. चार्जर वेगळा आणि बॅटरीत येणारी वीज ५ व्होल्टची, एवढं बघितलं तरी पुरे.

मग आम्ही लिथियम-आयन सेलकडे वळलो. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. हलका, दमदार, आणि मुख्य म्हणजे बदलता येणारा. बॅटऱ्या आणल्या, खोक्यावर मोठमोठे आकडे होते, आम्हीही ते आकडे वाचून दाखवत विकल्या. रात्री पिकाला पाणी देणाऱ्या एका शेतकरी काकांनी चार दिवसांत बॅटरी टेबलावर आणून ठेवली. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, दारं धरायचं काम माझं पहाटेपर्यंत चालतं. पहिल्या तासाला सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या असतात. मला चौथ्या तासाचा उजेड दाखवा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही मोजायला बसलो. मोजणी अवघड नाही, म्हणून सविस्तर सांगते. खोलीत पूर्ण काळोख करायचा. बॅटरी जमिनीवर उभी, तोंड छताकडे. थोड्या अंतरावर लक्समीटर, म्हणजे त्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजायचं यंत्र, त्याच्यावर थेट झोत पडणार नाही असा. छतावरून परतलेला उजेड दर मिनिटाला टिपायचा. ज्या बॅटरीचा उजेड खात्रीने माहीत आहे ती एकदा तशीच लावून बघितली, की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. पहिल्याच रात्री खोक्यावर हजाराच्या वरचा आकडा मिरवणारी बॅटरी तीन मिनिटांत निम्म्यावर आली आणि तासाभरात मिणमिणायला लागली.

यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. बॅटऱ्या मोजण्याचं एफएल१ नावाचं प्रमाण आहे. त्यात उजेड मोजतात तो चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. आणि ‘किती तास चालते’ म्हणजे तो उजेड एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ. म्हणून १००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आणि ८ तास हे दोन आकडे एकाच खोक्यावर खरे असू शकतात, फक्त ते एकाच वेळी खरे नसतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमची नळी हजार ल्युमेनची उष्णता फार वेळ बाहेर टाकू शकत नाही, म्हणून चांगली बॅटरी स्वतःच उजेड उतरवते.

खरी लबाडी ओळखायला गुणाकार पुरतो. ३००० एमएएच, म्हणजे ३ अँपिअर-तास, गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास. चांगल्या बॅटरीतून दर वॉटला साधारण १०० ल्युमेन धरा. म्हणजे पूर्ण सेलमध्ये ११०० ल्युमेन-तास. ते एका तासात उधळा, नाहीतर २०० ल्युमेनने साडेपाच तास पुरवा. एका सेलच्या बॅटरीवर १०,००० ल्युमेन लिहिलं असेल तर त्या बोटभर सेलमधून १०० वॉट निघत असले पाहिजेत. साध्या सेलला ते झेपत नाही. तसंच १८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तो हातात धरायचीही गरज नाही. या आकाराचा चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास असतो. आम्ही आलेला प्रत्येक सेल वजन करून घेतो. खरा ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, खोटा बराच हलका लागतो.

त्या रात्रीपासून खोक्यावर आमचा आकडा लागला: अर्ध्या तासानंतरचा उजेड आणि चौथ्या तासाचा उजेड. पहिल्या वर्षी विक्री पडली. बाबा म्हणाले, "चिकटव तू. खोटं खपवून दुकान चालवायचं असतं तर मी माणसं परत पाठवली नसती."

आता कोणाला काय द्यावं, यात आमचं मत बरंच पक्कं झालं आहे.

घरासाठी मोठा आकडा नको. १०० ल्युमेनची बॅटरी पेल्यात छताकडे तोंड करून उभी केली की सगळी खोली उजळते, माणसं जेवू शकतात, वाचू शकतात. सेल एए मापाचे असावेत, कारण ते कुठेही मिळतात, आणि वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवणारे निकेल-मेटल हायड्राइडचे असावेत. एक अगदी मंद पायरी हवीच. काळोखाला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. रात्री बाळाकडे बघायला उठलेल्या आईला लख्ख झोत नको असतो. बॅटरीला रेडियमची पट्टी चिकटवा आणि जागा ठरवून टाका.

खिशातल्या बॅटरीबद्दल थोडक्यात: तळहातापेक्षा लहान, एका सेलची, आणि मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बंद राहणारी. खिशात चुकून चालू झालेली दमदार बॅटरी कापड जाळू शकते. १४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एए सारखा, पण ३.७ व्होल्टचा. बॅटरी त्यासाठी बनवलेली नसेल तर आतलं सर्किट जळतं.

शेतासाठी मात्र मी ग्राहकाला बसवून घेते. लांब झोत सगळेच मागतात. एफएल१ प्रमाणे ‘अंतर’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तो पल्ला, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. म्हणून खोक्यावर ४०० मीटर असेल तर १५० धरून चाला. पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. आणि रात्री धोका बहुतेक वेळा पायापाशी असतो. मधला झोत थोडा लांब जावा, पण भोवतीचा पसरलेला उजेड दोन पावलं पुढची वाट नीट दाखवणारा हवा. पुढचं तोंड सरकवून झोत लहान-मोठा करायची बॅटरी शेताला देत नाही. सरकत्या जागेतून पाणी शिरतं, आणि झोत बारीक केला की बराच उजेड नळीतच अडकतो. दोन्ही हात कामात असतील तर कपाळावर बांधायची घ्या.

आणि रंग. यावर लोक सगळ्यात कमी विचारतात आणि मी सगळ्यात जास्त बोलते. निळसर पांढरा उजेड खोक्यावरच्या आकड्याला मदत करतो, डोळ्यांना नाही. वाळक्या पाचोळ्यातला साप, पिवळं पडत चाललेलं पान, जनावराच्या जखमेची लाली, हे सगळं त्यात राखाडी होतं. ४००० ते ५००० केल्विनचा (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप, १०० पैकी) ९० च्या घरातला एलईडी घेतला तर ल्युमेन कमी भरतात, पण रबरी नळी कुठली आणि साप कुठला ते कळतं.  ल्युमेन थोडे कमी झाल्याचा फरक डोळ्यांना फारसा कळतही नाही. उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःची शेताची बॅटरी जुळवायला घेतली. मोठा २१७०० सेल, ५००० एमएएच, म्हणजे १८ वॉट-तास. एकदा दाबलं की २०० ल्युमेन, नऊ तासांच्या हिशोबाने. दाबून धरलं तरच १०००, आणि सोडलं की परत २००. लुकलुकणारे प्रकार काढून टाकले. चिखलाच्या बोटांनी पाच वेळा बटण दाबून हवा तो उजेड शोधायला कोणालाही लावू नये. पहिला नमुना पाण्याच्या बादलीत ठेवला तर अर्ध्या तासात आत पाणी भरलं. दुसरा नवीन मोबाइलच्या चार्जरवर चार्जच होईना. भावाने दोन दिवस शोधलं: टाइप-सीच्या तोंडाशी लागणारे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर कारखान्याने वाचवले होते. त्याशिवाय दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर वीज सोडतच नाही. दोन कणाएवढे भाग. ते घालूनच घ्यायचे असं आम्ही लेखी ठरवून दिलं.

तिसरा नमुना रात्रभर बादलीत राहिला आणि सकाळी चालू होता. तो मी त्या काकांना दिला आणि चौथ्या तासाला वेळ बघून लिहून ठेवा म्हणाले. ते आले ते हंगाम संपल्यावरच. वहीत नोंदी नव्हत्या. काचेवर चरे, नळीचा रंग उडालेला, बाजूला खोल पोचा. "उजेडाचं काही नाही," म्हणाले, "झाकण जरा सैल वाटतंय, तेवढं बघा." भावाने टेबलावरच उघडली, रबरी रिंग बदलली, आटे पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. बाबांनी ती हातात घेऊन दोनदा उघडझाप केली आणि काकांना परत दिली. दिवेलागणीच्या आत ते घेऊन गेले.