वेलीवरची काडी

येशू द्राक्षवेल, आपण फांद्या, पिता माळी. योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. निफाडकडे सून म्हणून आले, बागेत राबायला लागले, तेव्हा तो अंगात उतरला.

एप्रिलच्या खरड छाटणीत आम्ही ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या छाटून एक-दोन डोळ्यांवर (कोंब फुटतो त्या जागांवर) आणतो. बाग पार उघडी पडते. मग नव्या काड्या फुटतात आणि भर उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या आत घड तयार होऊ लागतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पोंग्यातून, फुटत्या कोंबातून, घड बाहेर येतो आणि सगळे म्हणतात, माल लागला. माल उन्हाळ्यातच लागलेला असतो. काडी फक्त वेलीवर असते, मुळाचा रस तिला मिळत राहतो. तोडून बांधावर टाकलेली काडी सरपणालाच जाते.

माझी आई गेली त्या वर्षी मला प्रार्थना सुचत नव्हती. उपासनेला जायचे, गीतं म्हणायचे, प्रभुभोजनाची भाकर घ्यायचे, पण आत सगळं कोरडं. प्रभूने मला सोडलं असं वाटायचं. मग तोच अध्याय पुन्हा वाचला. शेवटच्या भोजनाची रात्र, क्रूस समोर उभा. समोर बसलेले शिष्य थोड्याच वेळात त्याला टाकून पळणार आहेत. त्यांनाच तो म्हणतो, तुम्ही दास नाही, माझे मित्र आहात. तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं. काडीने वेलीला धरून ठेवायचं नसतंच, वेलच तिला धरून असते. हे वाचून मी खूप रडले.

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण संतांचे अभंग सोडले नाहीत. ख्रिस्ताला माउली म्हणणं त्यांना त्यामुळेच इतकं सहज आलं असेल. त्या वर्षी मीही त्याला तशीच हाक मारत होते. दुसरी आई मला उरली नव्हती.

मंडळीतल्या बहिणी विचारतात, प्रार्थनेत काहीच वाटत नाही, तर बसायचं कशाला? मी म्हणते, बसा. शब्द नसतील तर गुडघा दुखतो ते सांगा, पोराचं लग्न जमत नाही ते सांगा. मी तर त्याला द्राक्षाचा भावसुद्धा सांगते.