घंटा दूध प्यायली तो दिवस

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, विषय 'शाळेनं मला काय दिलं', असा निरोप आला. खरं सांगायचं तर शाळेनं मला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे तंबाखू. नववीत, मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. संपादक मंडळाला हे वाक्य खोडायचं असेल तर खुशाल खोडावं, पण मग पुढचं काही लागणार नाही.

त्या काळी तंबाखू हे व्यसन आहे असं आमच्याकडे कुणाला वाटायचंच नाही. व्यसन म्हणजे दारू. आजी सकाळी मिश्री लावल्याशिवाय चुलीपुढे बसायची नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. तो धूर सुटला की घरात सगळे ठसकायचे, पण तिला कुणी काही म्हणत नसे. वडिलांची चंची कमरेला असायची. शाळेत शिक्षक-खोलीच्या खिडकीच्या चौकटीवर पांढऱ्या बोटांच्या रेघाच रेघा होत्या. आम्ही बरेच दिवस तो खडू समजत होतो. तो चुना होता.

विज्ञानाचे सर त्यातले अव्वल. तासाला कधी खाल्ली नाही, पण प्रयोगशाळेत उपकरणं मांडताना डाव्या तळव्यावर मळणं चालू असायचं. दोन थापट्या मारल्या की बार ओठाखाली जायचा आणि मग पुढची पाच मिनिटं आम्हाला फक्त हातवाऱ्यांनी शिकवायचे. माझ्या मते त्यांच्याइतका चांगला शिक्षक तालुक्यात नव्हता. ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायला मला काही अडचण वाटत नाही.

आमची १९९६ची दहावीची बॅच. २१ सप्टेंबर १९९५ला, गुरुवारी, गणपती दूध प्यायले. पितृपंधरवडा चालू होता. घराघरात कावळ्याची वाट बघणारे लोक अचानक वाट्या-चमचे घेऊन देवळाकडे धावले. दिल्लीकडून निघालेली बातमी आमच्या गावात दुपारच्या आत पोचली. त्याच वर्षी ३१ जुलैला कलकत्त्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला होता खरा, पण आमच्याकडे फोन म्हणजे स्टँडवरचा एसटीडी बूथ. तेव्हा हल्ली ऊठसूट 'मोबाइलनं लोक बिघडवले' म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. लोक तयारच होते. आमची आईसुद्धा रांगेत दीड तास उभी राहिली आणि 'माझ्या हातनं तीन चमचे घेतलं' म्हणून आनंदानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी शिक्षक-खोलीतलं चहाचं दूध मागवलं आणि आम्हाला वर्गाबाहेर व्हरांड्यात नेलं. तिथे ती पितळी घंटा टांगलेली. सरांनी चमचा काठोकाठ भरला आणि डोळ्यांच्या रेषेत धरला. दूध कडेच्याही वर फुगून उभं होतं. "हा पृष्ठताण." मग चमच्याची कड घंटेला टेकवून जराशी कलती केली. दूध हळूहळू कमी होत होत संपलं. घंटा प्यायली! पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकदोघांनी हात जोडले. सरांनी खिशातून लाल शाईची बाटली काढली, दोन थेंब दुधात टाकले आणि पुन्हा चमचा लावला. आता घंटेवरून एक बारीक गुलाबी ओघळ खाली उतरताना दिसला आणि फरशीवर थेंब पडायला लागले. कालही असाच ओघळ गेला होता. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, कुणाला दिसणार? पृष्ठताणाची व्याख्या मी परीक्षेत चुकलो असेन, पण तो गुलाबी ओघळ अजून डोळ्यांपुढे आहे.

शिपाईमामा बाजूला फडकं घेऊन उभे होते. म्हणाले, "आवो सर, रोज एवढी बडवून घेती, भूक लागणारच की." आणि मग हळूच मला, "किती चमचं प्याली रं?" सात, मी सांगितलं. संध्याकाळी मामांनी मटक्याला सत्त्याचा ओपन लावला. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. त्यात घंटेचा काय संबंध, हे मामांना विचारायची सोय नव्हती. मामा स्वप्नावरून, एसटीच्या नंबरावरून, आमच्या हजेरी क्रमांकावरूनही आकडा काढत. ओपन आणि क्लोज मिळून होणाऱ्या शंभर जोड्यांतली एक लागते आणि रुपयाला नव्वद मिळतात, म्हणजे तोटा कुणाचा, हे गणित आम्ही त्यांना फळ्यावर मांडून दाखवलं होतं. मामांनी कौतुकानं ऐकलं आणि फळा पुसला. सत्ता काही आला नाही.

पुढच्याच महिन्यात, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण. राजस्थानातल्या नीम का थान्यापासून बंगालातल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, शाळेला सुट्टी, तरी सरांनी आम्हा दहाबारा जणांना सकाळी मैदानात बोलावलं. कडुलिंबाच्या पानांतून भिंतीवर पडलेला एकूण एक कवडसा चंद्रकोरीचा झाला होता. शेकडो कोरी, वाऱ्यानं हलणाऱ्या. ते बघत असताना सरांनी पिशवीतून फराळाचा डबा काढला. ग्रहणात! पलीकडच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली. आम्ही चकल्या खाल्ल्या, सरांनी वर तंबाखूचा बार भरला आणि "बघा, काही होत नाही" म्हणाले. घरी गेल्यावर आईनं ग्रहण सुटल्याची आंघोळ करायला लावली, ती मी गुपचूप केली. चकलीचं बोललो नाही.

आता बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सत्तेचाळीस जण आहोत. त्या चकल्या खाल्लेले चौघे त्यात आहेत आणि त्यातलाच एक जण पहाटे पाचला पाठवतो की या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार आलेत, असा योग ८२३ वर्षांनी येतो, अकरा जणांना पाठवा. अरे बाबा, एकतीस दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की तो योग येतोच. ऑक्टोबर २०१०ला आला, लगेच जुलै २०११ला पुन्हा आला. दुसरा एक जण रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण जाणार, फोन लांब ठेवा, असं नासाच्या नावानं कळवतो. हा एक निरोप मात्र खरा असता तर बरं झालं असतं. तीन तास तरी ग्रुप गप्प राहिला असता.

माझं मत विचाराल तर तंबाखू खाणारा मला हे असले निरोप पुढे ढकलणाऱ्यापेक्षा परवडतो. खाणाऱ्याला पक्कं माहीत असतं की आपण चूक करतोय; तोंड फिरवून, कोपऱ्यात थुंकून का होईना, तो लाजतो. ढकलणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. पेपरातल्या राशिभविष्यावर माझा राग नाही. मराठीच्या बाई आधी तेच वाचायच्या आणि हसून पान उलटायच्या. कारखान्यात गळीत हंगामाला मोळी टाकताना नारळ मीही फोडतो. मी तिथे प्रयोगशाळेत आहे. उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरानं निवळतो की नाही ते बघणं माझं काम. नारळ नाही फोडला तर रस निवळायचा थांबेल, असं मला एकदाही वाटलेलं नाही. पण फोडतो. आणि तंबाखू? तीनदा सोडली. तिसऱ्यांदा सुटली, त्याला चार वर्षं झाली. आता तो हात फोनवर फिरतो, अंगठा तोच.

आता शाळेच्या फाटकावर तंबाखूमुक्तीची पाटी आहे. २००३च्या कायद्यानं शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे, म्हणून समोरची पानपट्टी वळणापलीकडे गेली. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते, फक्त काउंटरखालून.

सरांना २०१९मध्ये गालाचा कॅन्सर निघाला. जबड्याचा एक भाग काढावा लागला. गावात एकच बोललं गेलं: ग्रहणात खाल्लं होतं ना. आमच्या आईनंही तेच म्हटलं, आणि तेव्हा तिला चकलीचं सांगायचा धीर मला झाला नाही. 

मी भेटायला गेलो तेव्हा सर खाटेवर बसले होते, गळ्यापर्यंत पट्टी, शेजारी नातवाची पाटी. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहिलं, "लोक काय म्हणतात?" मी म्हणालो, "ग्रहण." हसणं जमत नव्हतं, खांदे हलले. पुसलं, पुन्हा लिहिलं, "शाई घालून दाखव त्यांना."

मग बराच वेळ माझ्या शर्टाकडे बघत होते. खिशाच्या कडेला पांढरा डाग होता.

"कारखान्यातला चुना आहे, सर," मी म्हणालो. "रसाला लागतो तो."

त्यांनी पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला.

"खिशात?"