सेल्फ फिरेना, तेव्हा आधी अर्थिंगची तार पाहावी

परभणीजवळच्या आमच्या शेतात आज ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जडपणे अर्धा फेरा घेऊन थांबत होता आणि वाफसा निघून जाण्याच्या चिंतेने दादा नवी बॅटरी आणायला निघाले होते. मीटर लावला तेव्हा बॅटरीत १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. चावी फिरवतानाही ते ११च्या खाली गेले नाहीत, मात्र त्याच वेळी बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा सांगाडा यांच्यात जवळपास २ व्होल्ट दिसत होते, जे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवेत. म्हणजे दोष या दोहोंना जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारेत होता. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे जोडावरचा किरकोळ गंजही त्याला अडवायला पुरतो. त्या तारेचा बोल्ट उघडला, तर थिंबलखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट गंज आणि काळ्या मातीचा थर घट्ट बसलेला होता. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासून बोल्ट आवळला, आणि इंजिन लगेच सुरू झाले. बॅटरीचा हजारोंचा खर्च करण्याआधी प्रत्येक शेतकऱ्याने ही तपासणी करावी, असे मला मनापासून वाटते.