अ‍ॅसिडिटी असली की प्यायचं तरी काय?

छातीत जळजळतंय असं नुसतं म्हणा, समोरचा लगेच सांगणार, थंड दूध घे. आणि घेतल्यावर खरंच बरं वाटतं हो, म्हणून तर हा सल्ला काही मरत नाही. पण दूध पोटातल्या अ‍ॅसिडला थोडा वेळच दाबून धरतं, मग त्यातलंच प्रोटीन आणि कॅल्शियम पोटाला नवीन अ‍ॅसिड बनवायला लावतं, त्यात साय असलेलं घट्ट दूध असेल तर पोट रिकामं व्हायलाही उशीर. मग झोपताना ग्लासभर दूध प्यायलेला माणूस मध्यरात्री परत उशीला टेकून बसलेला, आणि म्हणतो काय, दूध कमी पडलं वाटतं!

मुळात आपण फक्त आंबट काय आणि आंबट नाही काय एवढंच बघत बसतो. पीएच जितका कमी तितकं अ‍ॅसिड कडक, आणि रिकाम्या पोटातल्या अ‍ॅसिडचा पीएच 1.5-2 च्या आसपास असतो, काळ्या कॉफीचा साधारण 5. म्हणजे पोटापुढे कॉफी किस झाड की पत्ती. तरी कॉफीने कित्येकांना त्रास होतोच, कारण खरा घोळ झडपेचा आहे. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे स्नायूंची एक गोल पकड असते, गिळताना उघडते, एरवी बंद. ती सैल पडली की पोटातलं वर येतं आणि पोटाला आतून असतं तसं संरक्षक अस्तर अन्ननलिकेला नसतं, मग आग होणारच. कॉफी, दारू आणि (हे ऐकून लोक चिडतात) पुदिन्याचा चहा, हे सगळे ही पकड ढिली करू शकतात. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, पोटात अ‍ॅसिड वाढवायला कॅफिनच लागतं असं काही नाही.

लिंबू-संत्र्याच्या ज्यूसचं वेगळं. अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर तो जाता जाताच झोंबतो.

सोड्याबद्दल तर माझं ठाम मत आहे, ती ढेकर फसवी असते. गॅसने पोट फुगतं, पोट फुगलं की झडप उघडते, ढेकर येते, आपल्याला हलकं वाटतं आणि त्याच उघड्या दारातून अ‍ॅसिडही वर येतं.

मग उरलं काय, तर साधं पाणी, तेही घोट-घोट. वर आलेलं अ‍ॅसिड ते खाली धुऊन नेतं. पण जेवणावर गटागटा दोन ग्लास ढोसले तर पोट ताणलं जातंच, पाणी आहे म्हणून माफी नाही. आणि काहीही प्या, दारू तर विशेष, जेवण-पिणं आणि आडवं होणं यात दोन-तीन तास जाऊ द्या. कोणाला चहा चालतो, कोणाला अर्धा कपही नाही, तेव्हा एकेक गोष्ट थोडे दिवस बंद करून बघा, सगळं एकदम सोडलं तर चोर सापडत नाही.

गिळताना अडकत असेल, वजन उगाच उतरत असेल, शी काळी होत असेल तर मात्र घरगुती प्रयोग बंद, डॉक्टर. आणि छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, घाम फुटलाय, तर दूध-सोडा शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.