तिळारीच्या पाण्याचे मालक

गेल्या वर्षी चवथीला भाऊबंद मूळ घरी जमलेले असताना, तिळारीच्या धरणावर दोन रात्री तंबू ठोकून गरी टाकून मासे धरायला जायचे, असे आम्हा चौघांचे ठरले. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या माणसाला तिळारीचे पाणी कालव्यातून रोज भेटते. सह्याद्रीच्या पायथ्याशी ते जिथे अडवले आहे तो विस्तीर्ण तलाव मात्र बहुतेकांनी घाट चढताना गाडीच्या काचेतूनच पाहिलेला असतो. दोन तंबू, चार गळ आणि एक शेगडी एवढ्यावर भागेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात चवथीपासून दिवाळीपर्यंतचा वेळ ते पाणी, त्यातला मासा आणि काठची जमीन कोणाकोणाची आहे हे शोधण्यातच गेला.

तिळारी हा गोवा आणि महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प असून त्याच्या पाण्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा आहे. आमच्यातल्या एकाने त्यावरून असा हिशेब मांडला की चारपैकी तीन मासेही आपलेच. परंतु धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे आणि तिथे महाराष्ट्राचे नियम चालतात. त्या राज्यात धरणांच्या तलावांतील मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडते आणि वाढलेल्या माशावर तिच्या सभासदांची पोटे चालतात. हौसेने गळ टाकणारा माणूस त्या दृष्टीने दुसऱ्याच्या कुळागरात शिरून सुपाऱ्या वेचणाराच ठरतो, हे मला आधी कळायला हवे होते. दोडामार्गातल्या भेडशीच्या माझ्या आतेभावाने संस्थेत ओळख काढून दिली, तेव्हा दोन अटींवर तिचा होकार मिळाला: जाळे आणायचे नाही, आणि जो मासा घरी न्यायचा तो वजन करून, दर देऊनच न्यायचा.

काठावर राहण्याचा प्रश्न याहून अवघड निघाला. पहिल्या कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने लेखी अर्ज मागितला, आणि अर्जात चौघांची नावे, गाडीचा क्रमांक व तारखा लिहूनही मुक्कामाची जागा ‘तलावाच्या काठी’ एवढीच लिहिल्यामुळे तो परत आला. त्या धावपळीत एक गोष्ट समजली, ती अशी की तिळारीच्या परिसरातील सुमारे २९.५३ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०२१ मध्ये संवर्धन राखीव, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेले क्षेत्र, म्हणून घोषित झाले आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील वणव्याला कारण होईल अशी आग पेटवण्यास मनाई करणारे कलम ३० अशा क्षेत्रालाही लागू पडते. शेकोटीचा विषय तिथेच संपला. आतेभावाने तर आमची सगळी यादी ऐकून घेऊन एवढेच म्हटले, “हत्ती खंय आसत ता आदी इचार, माशांचा मागीर बघू.” २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती दोडामार्गाच्या बागायतींत वावरत आहेत आणि पाण्याचा काठ ही त्यांची नित्याची वाट आहे. काठावरच्या तंबूंना नकार मिळाला तेव्हा, खरे सांगायचे तर, मला हायसेच वाटले. अखेर आतेभावाच्या परिचितांच्या काजूच्या बागेत, त्यांच्या घराच्या अंगणाला लागून तंबू ठोकण्याचे ठरले.

महिना निवडताना सत्तरीतला अनुभव आठवला. माकडताप आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये पसरला होता. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, कारण त्या काळात गोचिडीची पिल्ले जंगलातल्या वाळलेल्या पाचोळ्यात असतात. जमिनीवर झोपणाऱ्याने ही गोष्ट हलक्यावर घेऊ नये. पावसाळ्यात जाणे शक्य नव्हते आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरून काठाला चिखल उरतो. म्हणून नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरला. तरीही तंबूखालचा पाचोळा झाडून काढला आणि हातापायांना गोचीड दूर ठेवणारे तेल चोळले.

तयारीतला खरा आनंद गरीच्या सामानात होता. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे बूच आणि शिसे यांमधले अंतर किती ठेवावे हे कोणता मासा हवा यावर ठरते. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा आणि कणीक मळून मी तीन प्रकारचे गोळे केले. तिलापियासाठी गांडुळे घेतली. हा परका मासा इतका वाढला आहे की त्याला पकडताना मनाला काही लागत नाही. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मात्र जाड घेतले, कारण या पाण्याखाली आयनोडे, सरगवे यांसारखी गावे गेली आहेत आणि त्यांच्या झाडांच्या बुंध्यांत गळ अडकतो, असे आधीच बजावले गेले होते.

निघण्याच्या सकाळी गाडीतून दोन वस्तू उतरवाव्या लागल्या. एक म्हणजे फेणीच्या बाटल्या, कारण गोव्याची दारू परवान्याविना महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा आहे आणि हद्दीवर तपासणी होते. दुसरी वस्तू म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, जो मित्राने न्याहारीसाठी प्रेमाने आणला होता. केळी घेऊन हत्तींच्या वाटेशेजारी झोपायला निघालेल्या माणसाला काय म्हणावे, हे मला सुचले नाही.

पहिल्या दिवशी तीन गळ बुंध्यांत गेले आणि हाती काही लागले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, संस्थेच्या सभासदाने दाखवलेल्या वळणावर, पेंडीच्या गोळ्याला एक रोहू लागला. शिवाय पाच तिलापिया मिळाले. काट्यावर रोहू पावणेदोन किलो भरला. पैसे देऊन पावती मागितली, तेव्हा तो सभासद हसला आणि त्याने वहीच्या कागदावर वजन, दर व तारीख लिहून दिली. घरी आईने मासा पाहण्याआधी तो कागद वाचला, आणि डिचोलीच्या बाजारात हाच मासा यापेक्षा स्वस्त मिळतो, असे सांगून चिंच आणि हळद लावायला घेतली.