जगतापांच्या वाटेनं: आमच्या गौरवकथासंग्रहाची तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीला तीन महिने झाले. नऊपैकी सात कथा आल्या, त्यातल्या पाच पक्क्या झाल्या, आणि काल रात्री पहिला फॉर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या सोळा पानांचा जुडगा, शिवून झाला. दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर सध्या कागद, पुठ्ठे आणि दोऱ्याची रिळं यांतून वाट काढत चालावं लागतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर आम्ही बडोद्यातल्या नऊ जणांनी त्यांच्या नावानं विज्ञानकथांचा एक संग्रह करायचं ठरवलं. पंचवीस प्रती, हातानं बांधलेल्या, विक्रीसाठी नाहीत. मराठीत मोठ्या लेखकाला आपण गौरवग्रंथ किंवा स्मृतिग्रंथ अर्पण करतो. त्यात आठवणी असतात, समीक्षा असते, सूची असते, आणि त्यांचं मोल आहेच. पण ज्यानं आपल्याला गोष्टीचं वेड लावलं, त्याला गोष्टीनंच नमस्कार करावा असं मला फार वर्षं वाटत आलंय.

इंग्रजीत ही रीत चांगली रुजलेली आहे. माझ्या कपाटातला एक पूर्ण खण अशाच संग्रहांचा आहे, आणि काम अडलं की मी त्याच्यापुढे जाऊन बसते. १९८९ चा ‘फाउंडेशन्स फ्रेंड्स’ आयझॅक आसिमोव्ह हयात असतानाच निघाला. इतर लेखकांनी थेट त्याच्या जगात शिरून कथा लिहिल्या. संपादक मार्टिन ग्रीनबर्ग. याच ग्रीनबर्गनं १९९२ मध्ये, टॉल्किनच्या जन्मशताब्दी वर्षात, ‘आफ्टर द किंग’ काढला, आणि त्यात मात्र टॉल्किनच्या भूमीत कोणी पाऊल टाकत नाही. प्रत्येकानं आपापलं जग उभं केलंय. एकाच संपादकाच्या या दोन वाटा. पहिलीत तुम्ही यजमानाच्या घरात जेवता, दुसरीत त्याच्याकडे शिकलेला पदार्थ आपल्या चुलीवर करता.

भयकथेत तर हा खेळ लेखकांनी जिवंतपणीच खेळलाय. तरुण रॉबर्ट ब्लॉकनं एका कथेत आपला गुरू, भयकथाकार लव्हक्राफ्ट, याच्यासारख्या दिसणाऱ्या पात्राला मारायची परवानगी मागितली. लव्हक्राफ्टनं ती लेखी दिली, आणि मग ‘द हाँटर ऑफ द डार्क’ मध्ये रॉबर्ट ब्लेक नावाच्या पात्राला मारून ती कथा ब्लॉकलाच अर्पण केली. गुरुशिष्यांचं इतकं खेळीमेळीचं नातं वाचलं की मला भरून येतं. उलट रे ब्रॅडबरीच्या गौरवाचा ‘शॅडो शो’ जुलै २०१२ मध्ये आला, आणि ब्रॅडबरी ५ जूनला गेला होता. प्रस्तावना त्यानं लिहून ठेवली होती. ती मी सलग वाचू शकले नाही.

आम्ही दुसरी, ‘आफ्टर द किंग’ची वाट धरली. एक कारण कायद्याचं: आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा नारळीकरांची पात्रं उचलणं योग्य नाही. खरं कारण वेगळं आहे. नारळीकरांची पात्रं नव्हे, त्यांची शिस्त आम्हाला हवी होती. कथेच्या गाभ्याशी असलेलं विज्ञान तपासून घेतलेलं असायचं, आणि कल्पनेची झेप त्याच्या पुढे सुरू व्हायची. त्यांचे गुरू फ्रेड हॉएल यांनीही १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली होती, म्हणजे ही शिस्त गुरूकडूनच आलेली.

संग्रहाचा मुख्य नियम त्यांच्याच एका कृतीवरून घेतला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणून आमच्याकडेही प्रत्येक कथा टोपणनावानं येते आणि दुसऱ्याच्या अक्षरात येते. आम्ही नऊच जण, आद्याक्षरं उलटली तरी लगेच ओळखू आलो असतो, त्यामुळे नावं माझ्या मावशीनं पाडली. ती निवृत्त गणित शिक्षिका आहे, स्वतः लिहीत नाही, आणि कोणाचं नाव कोणतं हे फक्त तिच्या वहीत आहे. मी एकदा विचारून पाहिलं. “तू विचारायचं नाहीस आणि मी सांगायचं नाही, असं ठरलंय ना?” एवढंच म्हणाली आणि वही कपाटात ठेवली.

या तीन महिन्यांतला सगळ्यात चांगला काळ एका हिंचक्यावर गेला. कथा अशी: जुन्या वाड्यात एक निवृत्त गृहस्थ रोज रात्री पितळी कड्यांच्या हिंचक्यावर बसून दहा मिनिटांत किती झोके होतात ते मोजतात. कडी अडीच मीटरची. रोज १८९ झोके. एका रात्री १९१ भरतात.

मावशीनं आधी आकडा पडताळला. अडीच मीटर लांबीच्या लंबकाला एका झोक्याला सुमारे ३.१७ सेकंद लागतात, तेव्हा १८९ बरोबर. मग उन्हाळ्याचा संशय. पितळ वीस अंशांनी तापलं तरी अडीच मीटरची कडी जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि वाढली तर झोके कमी होतील, जास्त नाहीत. म्हणजे वाड्याखाली गुरुत्वाकर्षण दोन टक्क्यांनी वाढलेलं हवं. विषुववृत्तावरून थेट ध्रुवावर गेलं तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पडतो. लेखकाचं उत्तर: शंभर मीटर खाली एक चिमुकलं कृष्णविवर. वस्तुमान तीनावर तेरा शून्यं इतके किलो, आकार अणूहून कितीतरी लहान. हा हिशेबही जुळला. ‘कृष्णविवर’ या नारळीकरांच्या पहिल्याच कथेला दिलेली ती दाद वाचून मी खुर्चीतून उठले होते.

आणि मग मावशीच्या चिठ्ठीवर एकच ओळ आली: “ते तिथे थांबेल कशावर?”

खरंच, त्याला धरून ठेवेल असा खडकच नाही. ते पृथ्वीच्या पोटात पडत जाईल, पलीकडे निघेल आणि परत येईल. पृथ्वीची घनता सगळीकडे सारखी धरली तर या फेरीला साधारण ८४ मिनिटं लागतात. वर येताना शंभर मीटरच्या आत ते काही सेकंदच राहील, दोन झोके वाढायला तेवढा वेळ पुरत नाही. शिवाय त्या ८४ मिनिटांत पृथ्वी २१ अंश फिरलेली, म्हणजे ते वाड्याखाली नाही तर अरबस्तानच्या वाळवंटात वर येईल. पाकिटातून चिठ्ठ्या तीन आठवडे येत-जात राहिल्या. नवा खर्डा आला त्यात झोके १८९ च भरतात, फक्त एका रात्री हिंचका मधेच एकदा खाली ओढल्यासारखा होतो, आणि ८४ मिनिटांनी वाळवंटात एका उंटवाल्याच्या पायाखालची वाळू खचते. पहिल्या खर्ड्यापेक्षा ही कथा कितीतरी मोठी झाली.

शब्दावरूनही चर्चा झाली. मुद्रितं तपासणाऱ्यानं ‘हिंचका’ खोडून ‘झोपाळा’ केलं होतं. मी ते परत फिरवलं. बडोद्याच्या मराठी घरात हिंचकाच असतो.

प्रत्येक कथेमागे एक पान ‘ऋण’ म्हणून ठेवलंय. ही कल्पना जॅक व्हान्सच्या गौरवाच्या ‘साँग्ज ऑफ द डाइंग अर्थ’ (२००९) वरून घेतली. तिथे कथेनंतर लेखक सांगतो की व्हान्स त्याला पहिल्यांदा कसा भेटला. आमच्या सातांपैकी तिघांच्या ‘ऋणा’त मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आलंय. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेलं, लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन असलेलं. एकानं लिहिलंय की वरच्या मजल्यावर चालणाऱ्याच्या पावलांच्या सावल्या पाहत त्यानं नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ संपवलं.

बांधणीचं थोडक्यात. चार ताव दुमडून सोळा पानांचा फॉर्मा, असे अकरा, एकूण १७६ पानं. तयार ए-फोर कागद वापरू नका: तो लांबीच्या दिशेनं सहज वाकतो, आपली घडी आडवी येते आणि पाठ ताठ राहते. आम्ही मोठे ताव आणून उलट दिशेनं कापून घेतले. पहिल्या खळीला पावसात बुरशी आली आणि चार पुठ्ठे गेले. आता खळीत चिमूटभर मोरचूद घालतो. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा.

राहिलंय ते असं: दोन कथा यायच्या आहेत, २७४ फॉर्मे शिवायचे आहेत. आठवी कथा उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. सध्या बाराव्या पानावर आहे, आणि कोणाची आहे ते अजून ओळखता आलेलं नाही.