बर्न्टआयलंडचं चौकोनी चर्च

एडिनबरोला जाणारी आपली मंडळी किल्ला आणि रॉयल माइल पाहून थेट हायलँड्सची वाट धरतात. मधला अर्धा दिवस काढून एडिनबरोसमोर खाडीपलीकडच्या फाइफ भागाच्या किनाऱ्यावरचं बर्न्टआयलंडचं पॅरिश चर्च जरूर बघा. एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनहून आगगाडीने साधारण पाऊण तास लागतो. उजव्या बाजूची खिडकी पकडा. खाडीवरचा १८९० सालचा फोर्थ ब्रिज हा रेल्वेपूल ओलांडला की पुढे बराच वेळ समुद्र सोबतीला असतो. स्टेशनपासून चर्च चालत काही मिनिटांवर आहे.

बाहेरून ते जाड दगडी भिंतींचं आणि थोडं बसकं वाटतं. खरी गंमत आत आहे. स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली, म्हणजे देशाने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. त्यानंतर अगदी नव्याने बांधलेल्या सुरुवातीच्या चर्चांपैकी हे एक, काम सुरू झालं १५९२ मध्ये. जुन्या चर्चमध्ये सगळ्यांचे डोळे लांब टोकाच्या वेदीकडे लागलेले असत. इथे वेदीचं महत्त्व संपलं आणि प्रवचन मुख्य झालं. म्हणून आराखडाच चौकोनी केला. मध्ये चार भक्कम खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, वर मनोरा आणि चहूबाजूंनी माणसं. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकाराभोवती श्रोते बसतात, तशीच ही रचना. एक नवा विचार दगडात इतका स्पष्ट उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एका खांबाला टेकून छत असलेलं कोरीव लाकडी आसन आहे. जवळच्या रॉसेंड किल्ल्याचे मालक सर रॉबर्ट मेलव्हिल यांच्यासाठी ते बनवलेलं, त्यावर साल १६०६. इथे घाई करू नका. आधी समोरून बघा, मग बाजूने जाऊन लाकूडकाम जवळून न्याहाळा.

मग मान वर करा. भिंतींना लागून लाकडी सज्जे आहेत, गावातल्या एकेका व्यवसायाच्या संघाचे. पुढच्या फळ्यांवर ज्याची त्याची चिन्हं रंगवलेली. खलाशांच्या सज्जावरची जहाजं मला सर्वांत आवडली. त्यांच्यासाठी बाहेरून वेगळा दगडी जिना आहे, १६७९ सालचा. भरतीची वेळ साधायला प्रार्थना चालू असतानाच निघावं लागलं, तर कुणाला अडथळा न करता त्यांना उतरता यायचं. बंदराच्या गावाने आपल्या माणसांची केलेली ही सोय मला फार मोलाची वाटते.

१६०१ साली स्कॉटिश चर्चची महासभा याच गावात भरली होती. राजा सहावा जेम्स हजर होता आणि बायबलच्या नव्या इंग्रजी भाषांतराचा विषय तिथे निघाला. ते भाषांतर १६११ मध्ये छापून आलं, तोवर जेम्स इंग्लंडचाही राजा झाला होता.

आता कामाचं. चर्च रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका. निघण्यापूर्वी चौकशी करून, भेट ठरवूनच जा. शक्यतो दुपारच्या आत पोचा, हिवाळ्यात तिथे उजेड फार लवकर जातो. उन्हाळ्यातही एक स्वेटर जवळ असू द्या. जुन्या रंगकामाला फ्लॅश मारू नका आणि कुठल्याही आसनावर बसण्याआधी विचारा.

वेळ उरला तर परतीच्या वाटेवर पहिल्याच स्टेशनवर, ॲबरडोरला उतरा. तिथे किल्ल्याला खेटून सेंट फिलन्सचं बाराव्या शतकातलं लहानसं चर्च आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिली, की धर्मसुधारणेआधीचं आणि नंतरचं चर्च यांतला फरक पुस्तकाशिवाय कळतो.